लोकमारियाकेरचा आडवा पडलेला स्तंभ

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर, लोकमारियाकेर नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या कडेला गवतात एक अवाढव्य दगड चार तुकडे होऊन पडलेला आहे. चारही तुकड्यांची लांबी एकत्र केली तर ती २०.६० मीटर भरते. वजनाचे अंदाज २८० टनांपासून ३३० टनांपर्यंत जातात. दगड उभा होता तेव्हा बुंध्याचा थोडा भाग जमिनीत गेलेला असणार. तो वजा केला तरी वर राहिलेला भाग सहा मजली इमारतीएवढा उंच होता. युरोपातल्या प्रागैतिहासिक माणसाने उभा केलेला याहून मोठा दगड आजवर सापडलेला नाही.

अशा सुट्या उभ्या दगडांना ‘मेन्हीर’ म्हणतात, आणि या दगडाची फ्रेंच लोकांत ‘मोडका महामेन्हीर’ अशीच ओळख आहे. त्याचे तुकडे ज्या पद्धतीने पडले आहेत तीही चक्रावून टाकणारी आहे. बुंध्याकडचा सर्वांत मोठा तुकडा एका दिशेला कलंडला आहे, तर वरचे तीन तुकडे एकामागोमाग दुसऱ्याच दिशेला निजले आहेत.

पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे चाक नाही, धातू नाही, अशा काळात हे धूड उभे केले कसे? हा प्रश्न मोठा आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: एवढ्या कष्टाने उभा केलेला दगड आडवा का झाला? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दगडाजवळ उभे राहून मिळत नाही. त्यासाठी आजूबाजूची खाडी, त्या खाडीतली बेटे, शेजारची थडगी आणि थेट आल्प्स पर्वतातली एक दगडखाण इथपर्यंत जावे लागते.

सुरुवात पाण्यापासून करू. लोकमारियाकेरच्या पूर्वेला मॉर्बियानचे आखात आहे. समुद्राचे एक अरुंद तोंड आत शिरते आणि आत गेल्यावर पाणी पसरून बेटांचा विखुरलेला मुलूख दिसतो. भरती-ओहोटीचा वेग जबर, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात कालवांची शेती. कोकणातल्या माणसाला ही खाडी परकी वाटणार नाही. परंतु सहा-सात हजार वर्षांपूर्वी हे दृश्य असे नव्हते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा कित्येक मीटर खाली होती. आज जिथे होड्या फिरतात तिथे नदीखोरी, दलदली आणि कुरणे होती, आणि आजची बेटे म्हणजे त्या खोऱ्यांमधल्या टेकड्या. याचा पुरावा एर लानिक या चिमुकल्या बेटावर डोळ्यांनी पाहता येतो. तिथे उभ्या दगडांची दोन वर्तुळे शेजारी शेजारी रचलेली आहेत. त्यांतले एक अर्धे जमिनीवर, अर्धे पाण्यात आहे आणि दुसरे जवळजवळ पूर्णपणे समुद्राने गिळले आहे. एकोणिसाव्या शतकात गुस्ताव्ह द क्लोस्मादक या डॉक्टर असलेल्या पुराविदाने ते ओळखले, आणि त्यामुळे जुना किनारा आजच्या किनाऱ्यापासून बराच पुढे होता हे लोकांना पटले.

अशा भूप्रदेशात महामेन्हीर उभा होता. आखाताच्या तोंडाशी, पश्चिमेच्या बाजूला. समुद्रावरून येणाऱ्याला तो लांबून दिसत असणार, आणि नदीखोऱ्यांतून खाली उतरणाऱ्यालाही.

त्याच्या आधी इथे कोण राहत होते? जवळच्या किब्रॉन द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळ तेव्हिएक आणि ओएदिक ही दोन बेटे आहेत. १९२८ ते १९३४ या काळात मार्त आणि सँ-जुस्त पेकार या दांपत्याने तिथे उत्खनन केले. शिंपल्यांच्या जाड ढिगांखाली मध्याश्मयुगीन माणसांच्या कबरी निघाल्या. ही माणसे मासे, शिंपले, समुद्रपक्षी आणि शिकार यांवर जगणारी. मृतांच्या अंगावर शिंपल्यांचे दागिने होते, काही कबरींवर हरणांच्या शिंगांची जणू छपरे रचली होती, आणि एकाच कबरीत वेळोवेळी अनेकांना ठेवलेले होते. एका सांगाड्याच्या मणक्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले होते. म्हणजे त्यांचे जगणे शांततेचेच होते असे समजू नये.

इ.स.पूर्व ५००० च्या सुमारास या किनाऱ्यावर शेतकरी पोहोचले. गहू, मडकी, गाई-गुरे, घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी हा सगळा संसार पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून हळूहळू सरकत आला होता, आणि इथे आल्यावर पुढे अटलांटिक महासागर. जमीन संपली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार तेव्हिएक आणि ओएदिकच्या माणसांमध्ये शेतकऱ्यांच्या रक्ताचा मागमूस नाही. दोन्ही समाज काही काळ एकमेकांच्या आसपास राहिले, पण निदान या कबरींतल्या माणसांनी नव्यांशी सोयरीक केली नव्हती. समुद्र जाणणारे जुने लोक आणि जमीन कसणारे नवे लोक यांच्या या सीमेवर, पुढच्या काही शतकांत, युरोपातले सर्वांत जुने महापाषाण उभे राहिले. मला हा योगायोग वाटत नाही. जमीन आपली आहे हे सांगण्याची गरज तिथेच पडते जिथे ते गृहीत धरता येत नाही.

महामेन्हीर साधारण इ.स.पूर्व ४७०० ते ४५०० या दरम्यान उभा राहिला, असे आज मानले जाते. दगडाची जात ऑर्थोनाइस, म्हणजे प्रचंड दाबाखाली रूप पालटलेला ग्रॅनाइट. लोकमारियाकेरच्या जमिनीत तो मिळत नाही. त्याचे मूळ सुमारे दहा किलोमीटर दूर असावे, असा भूशास्त्रज्ञांचा कौल आहे. म्हणजे कातळातून हा दगड सुटा करायचा, ओल्या खोऱ्यांतून आणि ओढ्यांवरून ओढत आणायचा आणि मग उभा करायचा.

हे काम किती माणसांचे, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो. १९७९ मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या बूगों येथे जाँ-पिएर मोएन या पुरातत्त्वज्ञाने ३२ टनांचा काँक्रीटचा ठोकळा घेतला, त्याखाली ओकचे ओंडके घातले आणि तो दोरखंडांनी ओढवला. सुमारे २०० माणसे लागली. त्यांतली १७० ओढणारी आणि ३० मागून लाकडी तरफांनी रेटणारी. याच हिशेबाने गेले तर महामेन्हीरसाठी दीड-दोन हजार माणसे लागतात. हा हिशेब ठोकळ आहे हे उघड आहे, कारण वजन दहापट झाले म्हणजे नुसती माणसे दहापट करून भागत नाही. ओंडके चिरडतात, जमीन खचते, दोर तुटतात. तरीही त्यातून एक गोष्ट नक्की कळते. एका गावाचे हे काम नव्हते, दहा गावांचेही नसावे. त्या काळच्या वस्त्या लहान होत्या. एवढी माणसे गोळा करणे, त्यांना दिवसेंदिवस खाऊ घालणे, पेरणी-कापणीतून मोकळे करणे आणि एकाच आवाजावर एकत्र जोर लावायला शिकवणे यासाठी कुणाच्या तरी शब्दाला वजन असावे लागते. दगड उभा राहिला त्याआधी ती सत्ता उभी राहिलेली होती.

आणि नुसता ओढून आणला नाही. त्याचा पृष्ठभाग कठीण दगडी हातोड्यांनी ठोकून ठोकून एकसारखा केलेला आहे. हे काम करणाऱ्यांचे हात किती वर्षे त्यावर चालले असतील याचा विचार केला की वाहतुकीचे कौतुक थोडे मागे पडते.

पुष्कळ काळ असा समज होता की हा स्तंभ एकटाच होता. ऑक्सफर्डला अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेल्या अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी या परिसराची काटेकोर मोजणी केली. चंद्राच्या उदयास्ताच्या टोकाच्या जागा टिपण्यासाठी हा स्तंभ म्हणजे आखातभर पसरलेल्या वेधशाळेची मध्यवर्ती खूण होती, असा सिद्धांत त्यांनी मांडला. कल्पना भव्य होती, मोजमापे प्रामाणिक होती. मात्र १९८० च्या दशकात जाँ लेल्गुआश यांच्या नेतृत्वाखाली स्तंभाच्या आसपास उत्खनन सुरू झाले आणि जमिनीखालून वेगळेच काही निघाले. महामेन्हीरपासून एका रांगेत आणखी १८ खड्डे होते. प्रत्येक खड्डा एका उभ्या दगडाचा. पाचर म्हणून ठोकलेले लहान दगड काहींमध्ये अजून होते, पण मुख्य दगड एकाही खड्ड्यात नव्हता. खड्ड्यांच्या आकारावरून दिसत होते की रांगेतले दगड महामेन्हीरपासून दूर जाताना उंचीने उतरत गेलेले होते. म्हणजे तो एकांडा स्तंभ नव्हता. पन्नासेक मीटर लांबीच्या एका रांगेचा तो सर्वांत उंच, शेवटचा दगड होता. थॉम यांचा सिद्धांत त्यानंतर फारसा टिकला नाही.

या परिसरातल्या उभ्या दगडांवर चित्रे कोरलेली होती. विषय मोजकेच: दांड्यात बसवलेली कुऱ्हाड, मेंढपाळाच्या हातातली असावी तशी वाकडी आकडी, लांब शिंगांची जनावरे, पक्षी. महामेन्हीरच्या एका तुकड्यावर एक मोठी आकृती उठावात आहे. अभ्यासक तिला अनेक दशके नांगर म्हणत, कुणी कुऱ्हाड म्हणत, आणि शेवटी दोन्ही नावे जोडून वेळ निभावून नेत. सर्ज कासें या पुरातत्त्वज्ञाने ही आकृती पुन्हा बारकाईने पाहिली आणि ती स्पर्म व्हेल जातीचा देवमासा आहे असे मांडले: बोथट मोठे डोके, वर उडणारा फवारा, मागे दुभंगलेली शेपटी. सर्वांना हे मान्य आहे असे नाही. मला ते पटते, कारण खाडीच्या तोंडाशी, समुद्राकडे नजर असलेल्या दगडावर नांगरापेक्षा देवमासा जास्त शोभतो. शेतकऱ्यांच्या दगडावर समुद्रातला सर्वांत बलाढ्य प्राणी यावा, यात शिंपले खाणाऱ्या त्या जुन्या लोकांची आठवणही असू शकेल.

कुऱ्हाडींची कथा याहून लांबची आहे. १८६० च्या दशकात रने गाल यांच्या पुढाकाराने लोकमारियाकेर आणि शेजारच्या कार्नाक गावची मोठी मातीची टेकाडे उकरली गेली. कार्नाकचे सँ-मिशेल टेकाड सुमारे १२५ मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. लोकमारियाकेरच्या माने-एर-रोएक टेकाडात शंभराहून अधिक दगडी कुऱ्हाडी, हिरवट मण्यांचे दागिने आणि घासून केलेले एक देखणे कडे निघाले. कुऱ्हाडींपैकी सर्वांत सुंदर कुऱ्हाडी हिरव्या जेडाइटच्या होत्या, आरशासारख्या घासलेल्या, आणि इतक्या पातळ की त्यांनी झाड तोडणे अशक्य. हा दगड आला कुठून? पिएर पेत्रेकँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे आल्प्स पालथा घालून उत्तर शोधले: इटलीतला मॉन्ते विझो पर्वत, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या खाणी. सरळ रेषेत मोजले तरी ते अंतर आठशे किलोमीटरहून जास्त. हिरवे मणी ज्या व्हॅरिसाइट खनिजाचे आहेत ते आयबेरियाच्या द्वीपकल्पातून येत होते. म्हणजे आखाताच्या तोंडाशी बसलेल्या या माणसांकडे पूर्वेच्या बर्फाळ शिखरांवरून आणि दक्षिणेच्या समुद्रापलीकडून मौल्यवान वस्तू येत होत्या. आल्प्समधून आलेल्या कुऱ्हाडी ते पुन्हा घासून आपल्या पद्धतीने आणखी पातळ करत, आणि शेवटी मृतांसोबत पुरत, किंवा किब्रॉनच्या किनाऱ्यावर केले तसे, पाती आकाशाकडे करून ओल्या जमिनीत उभ्या रोवत. हातभर लांबीची कुऱ्हाड रोवणे आणि वीस मीटरचा स्तंभ रोवणे यांतली कल्पना एकच असावी असे वाटते.

मातीच्या या महाटेकाडांचा एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आत एक बंद खोली, तिला दार नाही, वाट नाही. एकदा मिटली की मिटली. एवढा डोंगर आणि एवढी संपत्ती मोजक्याच, कदाचित एकाच माणसासाठी.

मग साधारण इ.स.पूर्व ४३०० ते ४००० या दरम्यान हे सगळे बदलले. रांग मोडली, महामेन्हीर पडला.

तो भूकंपाने पडला असे मानणारे अभ्यासक आहेत. तुकडे दोन दिशांना पडले याचा अर्थ उभ्या दगडाला जोराचा आडवा हिसका बसला, असे त्यांचे म्हणणे. वीज पडली असेही कुणी सुचवले. उभारतानाच तो कोसळला असावा ही शंकाही जुनी आहे. भूकंपाची शक्यता मी सहज झटकून टाकणार नाही, पण तिने सगळी गोष्ट समजत नाही. भूकंपाने एक दगड मोडेल. तो शेजारचे १८ दगड खड्ड्यांतून उचलून नेणार नाही. आणि याच काळात आखाताच्या आसपासचे इतर कोरीव स्तंभही पाडले गेले, फोडले गेले आणि नव्या थडग्यांच्या छतांत, भिंतींत बसवले गेले. लोकमारियाकेरच्याच माने-रेत्युआल थडग्यावरची अजस्र शिळा हा एके काळचा उभा स्तंभ आहे. तेव्हा माणसांच्या हातांनीच हे घडले, असेच मला पुराव्याच्या एकूण कलावरून वाटते. महामेन्हीरचे तुकडे जागच्या जागी राहिले याचे कारण बहुधा साधे आहे: ते उचलून नेण्याइतकी माणसे एकत्र करणारी सत्ता आता उरलेली नव्हती.

परके आक्रमक आले आणि त्यांनी जुन्या देवांची नासधूस केली, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो. पुरावा त्याला साथ देत नाही. पाडलेल्या दगडांचे तुकडे फेकून दिलेले नाहीत. ते मृतांच्या डोक्यावर, मानाच्या जागी ठेवले आहेत. कुऱ्हाड आणि आकडी नव्या थडग्यांतही कोरल्या जात राहिल्या. स्तंभाच्या शेजारीच उभे असलेले ‘ताब्ल दे मार्शां’ हे थडगे पाहा. त्याच्या शेवटच्या खोलीची मागची भिंत म्हणजे आकड्यांच्या रांगांनी भरलेली एक शिळा आहे, आणि ती थडग्याच्या आधीपासून त्या जागी उघड्यावर उभी होती. तिला हलवले नाही, तिच्याभोवती थडगे बांधले.

नवी थडगी मात्र जुन्या महाटेकाडांपेक्षा निराळी होती. दगडांचा प्रचंड ढिगारा, त्याच्या पोटात खोली, आणि बाहेरून त्या खोलीपर्यंत नेणारी दगडी बोळवजा वाट. दार उघडता येत होते. पिढ्यान्‌पिढ्या मृतांना आत नेता येत होते, जिवंतांना वाकून आत जाता येत होते. एका बलाढ्य माणसाला कायमचे मिटवून टाकणाऱ्या समाजाकडून, पूर्वजांच्या समुदायाकडे ये-जा करणाऱ्या समाजाकडे हा प्रवास झाला. उघड्या आकाशाखाली मैलांवरून दिसणारी खूण गेली, आणि तिच्याच तुकड्यांखाली, अंधारात, काही जणांनाच दिसणारी खूण आली. महामेन्हीर पाडणे हा या बदलाचा परिणाम असेल किंवा त्याची घोषणा असेल. मला दुसरी शक्यता जवळची वाटते.

या बदलाचा सर्वांत ठोस पुरावा मिळाला तो मात्र १९८० च्या दशकात, आणि तोही चार किलोमीटर दूरच्या बेटावर. गाव्रिनिस हे आखातातले छोटे बेट, म्हणजे त्या काळची टेकडी. तिथले थडगे एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. १८३५ मध्ये आतली खोली उघडली गेली, आणि त्याच सुमारास प्रॉस्पेर मेरिमे तिथे येऊन गेले. ‘कारमेन’ कथेचे लेखक म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण तेव्हा ते फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक होते. थडग्याची वाट सुमारे १४ मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंच्या आणि खोलीच्या २९ शिळांपैकी २३ शिळा तळापासून माथ्यापर्यंत कोरलेल्या. पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी वलये, सापासारख्या नागमोडी रेषा, आणि एका शिळेवर कुऱ्हाडींच्या पात्यांची रचना. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण त्या वाटेतून आत जातो.

डोक्यावरची छताची शिळा सुमारे १७ टनांची. आतून ती कोरी दिसते, त्यामुळे तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. १९८३-८४ मध्ये शार्ल-तांगी ल रू हे पुरातत्त्वज्ञ वरचा दगडांचा ढिगारा दुरुस्तीसाठी मोकळा करत होते, तेव्हा शिळेची वरची बाजू पहिल्यांदा उघडी पडली. तिच्यावर लांब शिंगांची जनावरे कोरलेली होती, आणि चित्र शिळेच्या कडेशी अचानक तुटलेले होते. ल रू यांनी ही तुटलेली कड आधी पाहिली होती, पण दुसरीकडे. लोकमारियाकेरच्या ताब्ल दे मार्शांच्या छताखाली एक कुऱ्हाड आणि एका जनावराचा अर्धवट भाग कोरलेला आहे, हे सर्वांना माहीत होते. दोन्ही चित्रे शेजारी मांडली तर रेघेला रेघ जुळली. गाव्रिनिसवर ज्या जनावराच्या शरीराचा एक भाग आहे त्याचाच उरलेला भाग लोकमारियाकेरला. तिसरा तुकडा महामेन्हीरच्या शेजारच्या एर ग्राह टेकाडातल्या कबरीवर होता. तिन्ही मिळून एकच स्तंभ, सुमारे १४ मीटर उंचीचा. तो मोडून त्याची तीन छपरे केली होती, आणि त्यांतले एक चार किलोमीटरवर, खोऱ्यापलीकडच्या टेकडीवर ओढून नेले होते.

ताब्ल दे मार्शांमध्ये चित्राची बाजू खाली ठेवली आहे, आत शिरणाऱ्याला ती वर पाहिल्यावर दिसते. गाव्रिनिसला तीच बाजू वर, ढिगाऱ्याकडे केली आहे, म्हणजे थडगे पूर्ण झाल्यावर ती कुणालाच दिसू नये. एकाच स्तंभाच्या वाटेकऱ्यांनी आपापल्या तुकड्याशी इतके वेगळे वागावे, यामागे काहीतरी ठरवलेले असणार. कुठली घराणी, कुठला करार, याचे धागे आता उरलेले नाहीत. पण दगड आणि त्याच्यातली शक्ती वाटून घेतली गेली, एवढे त्या तुटलेल्या जनावराने दाखवून दिले.

गाव्रिनिसचे थडगे इ.स.पूर्व ३००० च्या आसपास बंद झाले. पुढची हजारो वर्षे समुद्र चढत राहिला आणि आठवण पुसत गेली. इ.स.पूर्व ५६ मध्ये ज्युलियस सीझरच्या आरमाराने व्हेनेती जमातीला याच किनाऱ्यावर हरवले. आखाताच्या तोंडाच्या पूर्व बाजूला असलेल्या त्युमियाक टेकाडावरून सीझरने ती लढाई पाहिली, असे लोक आजही सांगतात. कार्नाकच्या हजारो उभ्या दगडांबद्दलची कथा तर अशी की संत कॉर्नेलीचा पाठलाग करणाऱ्या रोमन सैनिकांचेच त्यांनी दगड केले. अठराव्या शतकात क्रिस्तोफ-पोल द रोबियाँ या विद्वान न्यायाधीशाने महामेन्हीरचे चित्र काढून घेतले. त्यातही तो पडलेला आणि मोडलेलाच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने तिथल्याच प्ती-माँ नावाच्या थडग्याच्या पोटातच काँक्रीटचा बंकर बांधला. आखाताच्या तोंडावर नजर ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही, हे नवाश्मयुगातल्या माणसांनाही कळलेले होते.

महाराष्ट्राच्या वाचकाला इथे विदर्भाची आठवण होणे स्वाभाविक आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. १८६७ मध्ये तिथे उत्खनन करणाऱ्या जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने तिथल्या दगडांवरच्या वाटीच्या आकाराच्या खळग्यांची युरोपातल्या तशाच खुणांशी तुलना केली होती. त्या काळी अशा साम्यावरून एकाच वंशाने जगभर दगड उभारले, असे निष्कर्ष सहज निघत. ते टिकलेले नाहीत. विदर्भाची वर्तुळे लोखंड वापरणाऱ्या, घोडे पाळणाऱ्या माणसांची आहेत आणि ब्रिटनीच्या स्तंभांहून सुमारे चार हजार वर्षांनी नंतरची. मृतांसाठी दगड हलवावेत हे अनेक ठिकाणच्या माणसांना आपापले सुचले.

युरोपापुरते मात्र चित्र वेगळे असू शकते. २०१९ मध्ये बेटिना शुल्त्स पॉल्सन यांनी दोन हजार चारशेहून अधिक कार्बन-१४ तारखा एकत्र करून दाखवले की तिथल्या महापाषाणांची सर्वांत जुनी उदाहरणे वायव्य फ्रान्समध्ये, इ.स.पूर्व ४७०० च्या सुमारास दिसतात, आणि तिथून ही प्रथा समुद्रमार्गाने आयबेरिया, भूमध्य समुद्राचा किनारा आणि पुढे ब्रिटन-आयर्लंडपर्यंत गेली. त्यात वाट असलेली थडगी आघाडीवर होती. आयर्लंडच्या न्यूग्रेंजमधली वलये आणि हिवाळ्यातला सूर्यकिरण गाव्रिनिसची आठवण करून देतात. हे खरे मानले तर जगभरातून लोक पाहायला जातात ती अनेक थडगी म्हणजे लोकमारियाकेरच्या आसपास झालेल्या त्या मोडतोडीची दूरची संतती ठरतात. तो स्तंभ उभाच राहिला असता आणि समाज त्याच्याच पायाशी थांबला असता, तर समुद्रमार्गाने पुढे जाणारी कल्पना कदाचित वेगळी असती.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात कार्नाक आणि मॉर्बियानच्या किनाऱ्यावरील महापाषाणांची नोंद झाली. नोंद एका महामेन्हीरची किंवा कार्नाकच्या रांगांची नाही. अनेक गावांत पसरलेले साडेपाचशेहून अधिक अवशेष, त्यांच्यामधली जमीन आणि पाणी यांची मिळून ती एक नोंद आहे. त्याच अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचीही नोंद झाली. तीही रायगड किंवा सिंधुदुर्ग अशी सुटी नव्हे. साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत, डोंगर, पठार आणि समुद्र धरून, ‘लष्करी भूप्रदेश’ म्हणून.